बाबांच्या खोलीमागचा चर

ती. दादा,

कोपरापासून नमस्कार. (कुदळ मारून खांदे असे धरलेत की त्याहून वरचं काही सध्या वाकत नाही.) तू, वहिनी आणि वहिनीची कंबर ठीक असाल. आम्हीही ठीक आहोत, म्हणजे चिखल धुतल्यावर तसे दिसतो.

मागच्या खेपेला तू बाबांच्या खोलीच्या भिंतीला हात लावलास, तो पँटला पुसलास आणि म्हणालास, ही ओल गेली नाही तर बाबांना मी घेऊन जातो, आमच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. खरंच होतं ते. बाबांचा खोकला मलाही ऐकू येतो. तरी तू गेल्यावर मी घासलेली भांडी पुन्हा घासली आणि ठरवलं, बाबा नाही, ओल जाईल.

गवंडी उद्या येतो म्हणाला, पण त्याचा उद्या काही उजाडेना. मग मी मोबाइलवर एका बाईला हे काम करताना पाहिलं. भिंतीमागे चर खणायचा, खडी पसरायची, भोकांचा पाइप टाकायचा, वर पुन्हा खडी. उतारावरून आलेलं पाणी भिंतीला भिडण्याआधीच पाइपात शिरतं आणि घराला वळसा घालून रस्त्याच्या गटारात जातं. त्या बाईचे केससुद्धा विसकटले नव्हते. (तिथेच संशय यायला हवा होता.)

पाइपाला गटाराकडे उतार मात्र हवा. तो मोजायला पाण्याने भरलेल्या नळीचं एक टोक मी धरलं, दुसरं तुझ्या मेहुण्यांनी. त्यांनी वाकून खुणेवर पाणी आहे का ते बघायचं आणि मला सांगायचं. आता त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. मी साडीचा रंग विचारो की भाजीतलं मीठ, ते बरोबर म्हणतात. आमचा संसार त्याच्यावरच टिकलाय. दर दोन हातांवर मी विचारलं, दर वेळी बरोबर. गुडघे दुखतात म्हणून हा माणूस एकदाही वाकला नव्हता, हे मला नंतर कळलं.

पाऊस येईपर्यंत धीर कुणाला? शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावलं आणि चरात बागेचा नळ सोडला. आम्ही सगळे गटारापाशी टक लावून उभे. गटार कोरडं ठणठणीत. काकू म्हणाल्या, जमिनीला तहान लागली असेल. तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, अगदी शांत.

"पाणी पोचलं गं."

पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. खाली त्यांच्या चपला तरंगत होत्या. इतकी वर्षं पाणी चाचपडत यायचं, मी त्याला थेट बाबांच्या पलंगापर्यंत रस्ता बांधून दिला होता.

दादा, मी तिथेच रडले. बाबा सकाळी उठून नळीचं दुसरं टोक स्वतः हातात घेऊन बसले, खुर्ची टाकून. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेला माणूस. बरोबर हा शब्द त्यांच्या तोंडून निघायला सगळा पाइप उपसावा लागला. तुझे मेहुणे खडी वाहत होते, मुकाट्याने. आता पाणी गटारात जातं. काकू रोज येऊन बघतात आणि निराश होऊन परततात.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. भिंत अजून ओली आहे. वाळायला वेळ लागेल म्हणतात. तोवर बाबा पुढच्या खोलीत झोपतात, आम्ही त्यांच्या. खोकला कमी आहे. (थोडा.)

ता. क. दुसरा. खरं म्हणजे हे सगळं लिहिलं ते यासाठी. बाबांना तुझ्याकडे यायचंय का, हे मी अजून विचारलेलंच नाही. चर खणणं सोपं वाटलं. तू फोनवर विचार. हो म्हणाले तर गाडी घेऊन ये, मी भांडणार नाही.

ता. क. तिसरा, वडिलांकडून. पाकिटावर पत्ता घालायला हिने पत्र माझ्याकडे दिलं, म्हणजे मी वाचणार हे उघड आहे. विचारायला फोन करू नकोस. नातवंडांना घेऊन इकडे चार दिवस राहायला ये. येताना फावडं आण, आता घराच्या पुढच्या बाजूलाही चर खणायचाय आणि ते काम मी हिच्या एकटीच्या भरवशावर सोडणार नाही.