कुत्र्याचं वय विचारलं, माझं नाही

सूनबाई,

करवतीचं मशीन न्यायला माणूस आला तर त्याला चहा पाज, पण मशीन देऊ नकोस. मी डॉक्टरांकडे गेलोय.

काल आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला दाखवायला नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी आधी त्याचं वय विचारलं आणि गोळी निम्मी केली. म्हटलं, असं का? तर म्हणाल्या, "आजोबा, वय झालं की लिव्हर, किडन्या सावकाश चालतात. कालचं औषध अंगातून जायच्या आत आजचं येऊन बसतं." तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय. माझी झोपेची गोळी केस काळे होते तेव्हापासून तेवढीच आहे. मग सकाळी माझा तोल जातो, हात थरथरतात, ते म्हातारपण की रात्रीची गोळी?

मनाने गोळी बंद केलेली नाही, घाबरू नकोस. पाकिटावरची बारीक अक्षरं मला आता लागत नाहीत, म्हणून पाकीटच खिशात घातलंय.

माझ्या बोटांच्या काळजीनेच तुम्ही दोघं मशीन घरातून काढताय, हे कळतं मला. दोष वयाचाच निघाला तर मी स्वतः मशीनला तेलपाणी करून ते देऊन टाकीन. पण आधी विचारू तरी दे.

— बाबा