नरेश संग वंदना

५ मार्च

देवा पेंटर आजही तेच म्हनते. भिंत साफ आहे. मी म्हनतो, नाही. पंधरा दिवस झाले, तो तिथं कोंढ्यात आमच्या दारात उभा राहून सांगते अन् मी इथं मोरबीत बसून सांगतो. त्यानं पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. दाराच्या डाव्या बाजूले, खिडकीच्या खाली, जुन्या नावातल्या न ची गाठ. मंग र. हलकंच, पन आहे.

देवा म्हने, "गजू, हजार किलोमीटरवरून तुले दिसते अन् मले इथं दिसत नाही? डोळे तपास."

मी म्हनलं, डोळ्याचंच खातो मी. कारखान्यात लाइनवर दिवसभर फरश्या समोरून जातेत. शेड पाहाची, ओरखडा पाहाचा, खराब ते बाजूले काढाची. मालक माह्या डोळ्याचेच पैसे देते.

"मंग माहे बी दे," म्हने.

अठरा हजारांत घराचा ठेका. बारा दिले. सहा अडवले. भिंत साफ झाल्याबिगर देत नाही, सांगून दिलं.

७ मार्च, दुपारची सुट्टी

स्क्रीनवर "दादा" आलं. एक सेकंद तोच वाटते, दर वेळी. फोन त्याचा, नंबर त्याचा. आता वहिनी वापरते, माय बी त्याच्यावरूनच बोलते. दीड वर्स झालं, नाव बदलवाचं राहूनच जाते.

मायच होती. "देवासंग काहून भांडून राहिला? सायीसारखा रंग मारला त्यानं. मले तं काही दिसत नाही."

म्हनलं, तुले मोतीबिंदू आहे.

"हो, मोरबीतल्याले दिसते, दारातल्याले मोतीबिंदू." हासली. मंग मुद्द्यावर आली. नवीन नाव लिवाचं राहिलं, देवा म्हनते पयले पैसे. अठ्ठावीस एप्रिलले पाट, माहा अन् वहिनीचा. "चार मानसांत करू, पन भिंतीवर नाव पाहिजे. चोरी करून राहिलो का आपन? गावानं वाचलं का तोंड बंद होते."

गजानन संग वंदना. इथं लिहून पाहिलं. वहीतच लिहिलं, तरी पान पलटवून टाकलं.

९ मार्च

जुनं नाव बी देवानंच लिहिलं होतं, दादाच्या लग्नात. लाल ऑइलपेंट, पिवळी किनार, बाजूले कळस. दादा म्हने, "एवढं मोठं कायले? मी इलेक्शन लढून राहिलो का?" देवा शिडीवरून म्हने, "चूप बस. पुसता नाही आलं पाहिजे असं मारून राहिलो. तुह्या नातवानं वाचलं पाहिजे."

दोघं एका बाकावरचे. नापास बी संगच झाले.

११ मार्च

हे लिहाचं नव्हतं.

कामाच्या पयल्या दिवशी देवानं फोन करून इचारलं होतं. "वंदनाच्या नावाले हात लावाचं काम नाही ना? तिचं तं तेच राहते. नरेशचंच मिटवू का फक्त?"

मी फोन कापून टाकला. तो मजाकीत नव्हता बोलला. पेंटरचा हिशेब तो, जेवढं कमी तेवढं बरं. पन तेव्हापासून तेच दिसते. तिचं नाव जागेवर. बाजूची जागा पांढरी. अन् मी ब्रश घेऊन उभा.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, दोन्ही मिटव. पूर्ण भिंत साफ कर.

१४ मार्च

आज सुपरवायझरनं झापलं, जिल्ह्याच्या नावानंच हाक मारते तो. "क्या रे भंडारा, माल अच्छा है और तू रिजेक्ट में डाल रहा है?" चार पांढऱ्या फरश्या बाजूले काढल्या होत्या मी. त्यानं एकेक उचलून ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. काहीच नव्हतं. मले लाल दिसलं होतं. काठाजवळ, बारीक, ब्रशच्या शेवटच्या ओढीसारखं.

म्हनलं, चुकलं साहेब.

एक फरशी पुन्हा पाहाची होती. तोवर डब्बा पॅक झाला.

१७ मार्च

दीड वर्साआधी मोरबीले निघालो तेव्हा दादानं मले गाडीवर पवनीले नेऊन सोडलं. बसमध्ये बसवलं. खिडकीतून पान्याची बाटली दिली. म्हने, "पोहोचला का फोन कर. इसरू नको, तुही सवय आहे."

वापस येतानी त्याले रेतीच्या टिप्परनं

माह्या फोनची बॅटरी उतरली होती. दोन दिवसांनी इथं पोहोचलो, चार्जिंगले लावला, पयला फोन त्यालेच केला. वहिनीनं उचलला. "भाऊजी," म्हने. मी म्हनलं, दादाले सांगा पोहोचलो.

घरी गेलो तोवर सारं आटपलं होतं. मी त्याले पाहिलंच नाही. म्हनून मले तो अजून पवनीच्या स्टँडवर उभा दिसते, गाडीले टेकून.

२० मार्च

देवाले धमकी दिली. पवनीचा दुसरा पेंटर लावतो, तुह्या पैशातून. अन् गावाले सांगतो का यानं खरवडल्याबिगर वरूनच पुट्टी मारली.

 देवा म्हने, "मारली. नाही खरवडलं म्या."

"काहून?"

"खरवडाचा पत्रा घेऊन उभा राहिलो तिथं. दोनदा. नाही झालं. माह्याच हातचं नाव हाये ते." मंग पेंटरसारखा बोलाले लागला, का ऑइलपेंट जाड असते, वरून पुट्टी भरली तरी अक्षर उभं राहते. दुपारी दिसत नाही. सकाळचं ऊन तिरपं पडलं का दिसते.

म्हनजे त्याले पयलेपासून माहीत होतं. मी म्हनलं, मंग महिनाभर साफ आहे, साफ आहे काहून लावलं?

"अन् तू? दिसते दिसते म्हनत राहिला. नरेशचं नाव खरवड, असं एकदा तरी म्हनला का?"

२२ मार्च

ही वही मागून पुढं वाचली. खरंच नाही म्हनलो. दोन्ही मिटव, साफ कर, हेच सगळीकडं.

पाटाचं मायनं अन् मामानं ठरवलं. मले फोनवर इचारलं. मी म्हनलं, तुम्ही म्हनान तसं. वहिनीले कोनी इचारलं का, माहीत नाही. मी नाही इचारलं. ठरल्यापासून ती मले भाऊजी म्हनत नाही. नावानं बी नाही. काहीच नाही. फोनवर माह्यासाठी तिच्याजवळ शब्दच नाही राहिला. मी तिले वहिनीच म्हनतो, अजून. अठ्ठावीसनंतर काय म्हनन?

ड्युटीले गेलो नाही. तापाचं कारन सांगितलं.

२५ मार्च

सकाळी सात वाजता "दादा" चा मेसेज. फोटो. वहिनीनं काढलेला, आंगनातून. ऊन पूर्ण आडवं.

पूर्ण दिसते. नुसता न नाही, नुसता र नाही, पूर्ण ओळ. नरेश संग वंदना. कळस बी. सायीच्या रंगाखाली कोनी निजलं आहे अन् वरून चादर ओढली, तसं.

खाली तिचा आवाज होता.

"मले बी दिसते. रोज सकाळी, झाडतानी. मायले नोका सांगू. देवाभाऊ काल येऊन इचारून गेले, खरवडू का. म्या म्हनलं, मले काहून इचारता?"

चार वेळा ऐकलं. म्हनजे तिले इचारनारा पयला मानूस देवा. ज्याचे मी पैसे अडवून बसलो.

मी येडा नाही, एवढं तं झालं. तिले बी दिसते. पन त्यानं बरं वाटाले पाहिजे होतं.

२६ मार्च

मीच फोन लावला. "वहिनी" म्हनलं. तिकडं खराटा थांबला.

म्हनलं, तुम्हाले हा पाट पाहिजे का?

रस्त्यावरून गाडी गेली तिकडं, हॉर्न ऐकू आला. आमच्या गाडीसारखाच. ती गाडी तं भंगारात आहे.

"आता इचारता? घर रंगवून झाल्यावर?"

म्हनलं, चुकलं.

"तुम्हाले पाहिजे का?"

 म्हनलं, मले तुमचा राग नाही, तुमची... अन् थांबलो. तिनं बी ओढून इचारलं नाही. म्हने, "भिंतीकडं पाहून सांगीन. घाई नोका करू." अन् ठेवताठेवता, "जेवता ना बरोबर?" हे दादा इचारत होता. त्याच्याकडूनच शिकली असन.

२७ मार्च

देवाले सांगितलं, बाकीचे पैसे वहिनीजवळ देतो. ती सांगन ते कर.

"अन् ती म्हनली काहीच करू नको, तं?"

"मंग काहीच नको करू. तरी तुहे पैसे तुले भेटन."

"तू येतं का अठ्ठावीस एप्रिलले?"

म्हनलं, पाहू. तो हासला नाही. म्हने, "ये. भिंत तरी पाहाले ये. लय चांगलं लिवलं होतं बे म्या."

वहिनीले मेसेज लिहिला, तीनदा खोडला, चौथ्यांदा पाठवला. खरवडाचं असन तं खरवडून घ्या. वरून नवीन लिवाचं असन तं लिवा. तसंच ठेवाचं असन तं ठेवा, मायले मी समजावतो. अन् आंधळगावले तुमच्या मायबापाकडं जाचं असन तं या सहा हजारातूनच जा, देवाचं मी पाहून घेईन.

दोन निळ्या रेघा आल्या. 

मंग पैसे पाठवाले नंबर टाकला. वर माह्या फोनमधलं नाव आलं, दादा. त्याच्याखाली बारीक अक्षरात बँकेतलं, वंदना. दोन्ही एकाखाली एक. बराच वेळ तसंच पाहत राहिलो. स्क्रीन बंद झाली, पुन्हा उघडली, तसंच होतं.

रक्कम टाकली. ६,०००.