पादचारी पूल आणि माझी वाटाघाट

३ तारीख, सोमवार
पादचारी पुलाच्या वाटाघाटी समितीवर माझी नेमणूक. सगळ्यांत कमी दराची निविदासुद्धा आमच्या अंदाजपत्रकापेक्षा चौदा टक्के वर. ठेकेदाराला खाली खेचायचंय. साहेबांनी बरोबर माणूस हेरला. मूळ मेंबर आजारी पडला, हा निव्वळ योगायोग.
निश्चय: निकाल लागेपर्यंत ठेकेदाराशी खासगीत एक शब्द नाही. फोन आला तर उचलायचा नाही.

४, मंगळवार
फोन नाही. टरकले असावेत.

६, गुरुवार
वॉचमनला बजावलं, कुणी खोकी-पाकिटं घेऊन आलं तर वर सोडू नकोस. तो म्हणाला, तुमच्याकडे कुणी येतच नाही. दबदबा आहे म्हणायचा.
बायकोला फोन केला. दोन महिने झाले, मुलीकडे आहे. नातवाला दात आले की परतणार होती. चार आलेत. आता म्हणे तो चालायला लागू दे. समितीचं सांगणार, तेवढ्यात बाळ उठलं.

९, रविवार
आरशासमोर प्रॅक्टिस. टेक्निक साधं: आकडा टाकायचा आणि गप्प बसायचं. समोरचा शांततेनेच अर्धा होतो. दिवसभर गप्प बसलो. अजिबात जड गेलं नाही. काही जण जन्मजात असतात.

११, मंगळवार, दुपारी १
मीटिंग झाली. आकडा टाकायची संधी मिळाली नाही, म्हणून थेट गप्प बसलो. ठेकेदार चौदावरून सहावर! साहेबांनी मान्य केलं. शांततेची पॉवर.

दुपारी ४
अकाउंटंट म्हणाला, सहा टक्क्यांचं पत्र सकाळीच आलं होतं. असेल.
सगळे गेल्यावर मी मीटिंगरूममध्येच बसलो होतो. ठेकेदार विसरलेला चष्मा न्यायला आला. मला बघून म्हणाला, "तुम्ही इथेच असता का?"
मी म्हणालो, समितीत होतो, तुमच्या समोरच बसलो होतो.
"हो का?" म्हणाला, आणि गुडघा धरून खुर्चीत टेकला. जिना चढून दमला होता. ऑर्डर अजून निघायचीय, तेव्हा त्याला तिथल्या तिथे बाहेर काढायला हवं होतं. पण तो उजव्या गुडघ्याबद्दल सांगायला लागला. एक्स-रे, डॉक्टर, पट्टा, सगळं. वीस मिनिटं. मग उठायला लागला.
डाव्याचं मीच विचारलं.