नरसाळ्याचं पिंप आणि भाताची खोली

मी, श्रीमती लीलाबाई नथू टेमघरे, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे कोळवण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते ऐसाजे :

माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टर नरहरी यांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. एकजण आणायला आला होता, त्याचं पुढे येईल. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. अण्णासाहेब वकिलांनी कायद्याचे शब्द घालून दिले, बाकीचे माझे आहेत. ते म्हणाले, आजी, मृत्युपत्रात टोमणे घालत नाहीत. मी म्हटलं, मग लोक ते वाचतील कशाला?

खाली लिहिलेली सगळी मिळकत माझे पती कै. नथू यांनी हयातीतच माझ्या नावावर करून दिली. त्यांना भावांचा भरवसा नव्हता आणि माझ्या जिभेचा होता. तेव्हा ती कोणाला द्यायची हे ठरवायचा पूर्ण हक्क मला आहे.

कलम १. राहतं घर आणि ओढ्याकडची भाताची खाचरं माझा मुलगा दयानंद यास द्यावीत. तो एकुलता एक आहे, म्हणून निवडीचा प्रश्न आला नाही. खाचरं विकायचीच असतील तर निदान माझं तेरावं होऊ द्यावं. तेवढा दम त्यानं आजवर कशात धरलेला नाही, पण माणूस बदलतो म्हणतात.

कलम २. माझ्या पाटल्या सून नलिनी हिला. तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही. फार राग आला की भांडी आपटायची. ते मला चाललं, भांड्याला पोचा पडतो पण शब्द पडत नाही. हातातले सोन्याचे गोठ मात्र तिला मिळणार नाहीत. ते मोडायचे आहेत, कशासाठी ते कलम ५ मध्ये.

कलम ३. तांब्याचं घंगाळ. हे माझ्या घरात नाही. थोरल्या जाऊबाईंच्या न्हाणीघरात आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी ते अंघोळीच्या पाण्यासाठी दिलं आणि परत आलं ते दुसरंच, गळकं. माझं नाव बाहेरच्या अंगाला घातलेलं होतं, ते कानशीनं घासून काढलं. जाऊबाई म्हणतात घासून झिजलं. एकाच जागी बरं झिजलं. ते घंगाळ मी त्यांनाच देते, म्हणजे आता तरी ते त्यांच्या मालकीचं होईल. पण त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला की भांड्यावर नाव घालायचं ते आतल्या अंगाला. या नियमानं पुढे काय केलं तेही कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. रस्त्याला लागून असलेली भाताची खोली, तिच्या सभोवारच्या जागेसह. दगडी भिंती, मागे डोंगर, वैशाखातसुद्धा आत गेलं की अंगावर शाल घ्यावी वाटते. आम्ही तिथे इंद्रायणी ठेवायचो. आता भात थेट गिरणीवरूनच विकला जातो, खोली रिकामी होती.

ही खोली पुण्याच्या एका गृहस्थांना हवी आहे. ती पाडून तिथे काचेचं घर बांधायचं आहे म्हणे, आत बसून डोंगर बघायला. डोंगर बाहेर बसून फुकट दिसतो, पण ते असो. दयानंदानं त्यांना जीपस्टँडवर चहा पिता पिता शब्द देऊन टाकला. स्वतःच्या नावावर नसलेली वस्तू देताना माणसाचा हात सढळ होतो.

ही खोली आणि जागा मी माझी नात गौतमी दयानंद टेमघरे हिला पूर्ण मालकी हक्कानं देते. तिच्या बापाचा, होणाऱ्या नवऱ्याचा, किंवा अजून जन्माला न आलेल्या दिराचा यावर काडीचा हक्क राहणार नाही.

गौतमी तिथे काय करते हे गावाला ठाऊक आहे, तेव्हा कागदावर लपवून उपयोग नाही. ती बीअर करते. लवळ्याला कॉलेज केलं, जिवाणूंचं शिकली, पिरंगुटला बिस्किटाच्या कारखान्यात तपासणीला लागली, आणि सुट्टीच्या दिवशी या खोलीत सातू भिजवून, मोड आणून, त्यात आपली इंद्रायणी मिसळून शिजवायला लागली. दयानंदाचं म्हणणं, गावात नाक राहिलं नाही. त्याच्या जीपच्या सीटखाली बाटली असते तेव्हा नाक जागेवर असतं. धरणाच्या कडेला मित्रांबरोबर पार्टी असते तेव्हाही असतं. पुरुषानं प्यायली की ती दमणूक, पोरीनं बनवली की ती बदनामी. हा हिशोब मला चौथीत शिकवला नव्हता.

खोली गेली तर गौतमीला बंगळुरूला नोकरी आहे, मोठ्या बीअरच्या कारखान्यात. कागद आलेला आहे. मला दाखवून परत पिशवीत ठेवला आणि चार दिवस घरात कोणाशी धड बोलली नाही. तिला जायचं असतं तर ती मला दाखवायला आली नसती.

कलम ५. पिंप. हे सगळ्यांनी नीट वाचावं, कारण यावरून घरात जितकं भांडण झालं तितकं जमिनीवरून झालं नाही.

गौतमी याला फर्मेंटर म्हणते. मी नरसाळ्याचं पिंप म्हणते, कारण वरून पिंप आणि खालून नरसाळं असतं. आंबताना गाळ तळाला बसतो. सपाट बुडाच्या भांड्यात तो तिथेच बसून राहतो, लग्नघरातल्या पाहुण्यासारखा, आणि सगळ्याची चव घालवतो. निमुळत्या बुडाचं असलं की गाळ घसरून टोकाला येतो आणि खालची तोटी उघडली की निघून जातो. पाहुण्यांसाठी असं काही अजून निघालेलं नाही.

आधी तिनं प्लास्टिकच्या ड्रमात करून पाहिलं. मग पगारातून साठवून स्टीलचं नरसाळ्याचं पिंप आणलं, चकचकीत. ते बघून नलिनीला वाटलं, पोरगी अखेर संसाराच्या वाटेला लागली, रुखवतासाठी भांडी जमवायला लागली. गौतमी कामावर गेल्यावर तिनं पिंप टेम्पोत घालून पौडला भांड्याच्या दुकानात नेलं आणि मशीननं नाव घालून आणलं. आमच्या नियमाप्रमाणे आतून, अगदी नरसाळ्यात, म्हणजे जाऊबाईंची कानस पोचायला नको. “चि. सौ. कां. गौतमी”, आणि पुढे नवऱ्याच्या नावाला जागा सोडलेली.

संध्याकाळी गौतमीनं आत बॅटरी मारली आणि म्हणाली, गेलं पिंप. मला आधी कळलं नाही, अक्षर तर सुरेख होतं. मग तिनं समजावलं की आतला पत्रा आरशासारखा गुळगुळीत लागतो. ओरखडा पडला की त्या खाचेत जिवाणू लपतात, कितीही धुतलं तरी निघत नाहीत. घासून काढावं तर पत्रा पातळ. तरी तिनं त्यात एकदा करून पाहिलं. चि. पासून कां. पर्यंत सगळं आंबट. दयानंदानं ग्लासभर प्यायलं आणि ताक बरं झालंय म्हणाला. त्या दिवशी बापलेक बऱ्याच महिन्यांनी एकत्र हसली, म्हणून ते पिंप अगदीच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. ते पिंप नलिनीला द्यावं. वरून तांदूळ ओतायचा, खालून काढायचा.

नवं पिंप माझे गोठ मोडून घ्यावं. कोणतं घ्यायचं ते मी आणि गौतमीनं हिंडून ठरवलं आहे, त्यात कोणी शहाणपणा करू नये. परदेशातून मागवायचं एक तिनं मोबाइलवर दाखवलं. अंगावर इतक्या नळ्या की नवरीला दागिने कमी. पण एक रबर फाटलं तर कोळवणात कुठे मिळणार? ते बाद. शहरातल्या दुकानात एक होतं, त्याचं नरसाळं इतकं उथळ की परातीला लाज वाटावी. गौतमी म्हणाली, उतार खडा हवा, नाहीतर गाळ वाटेतच बसतो. त्याची तोटीही खोलता येत नव्हती. जी तोटी खोलून धुता येत नाही ती घाण पोसते. मी पिशवीतून लोहचुंबक काढून स्टील तपासायला लागले तशी गौतमी म्हणाली, “आजी, चुंबकावर सगळं कळत नसतं गं.” दुकानदार तिच्याकडे बघून हसला. मी चुंबक ठेवून दिलं, पण दुकानदाराचं हसणं लक्षात ठेवलं आणि दुकान सोडलं.

शेवटी पिरंगुटच्या एका कारखान्यात बनवून घ्यायचं ठरलं. ते लोक दुधाच्या टाक्या करतात. आतल्या जोडावरून गौतमीनं बोट फिरवलं, मग मला फिरवायला लावलं. जोड कुठे आहे ते सापडेना. उंचीही नीट बघून घ्यायची. त्यांनी आधी केलेल्या नमुन्याला पाय इतके आखूड होते की तोटीखाली बादली बसत नव्हती. हे मी सांगितलं. गौतमीच्या वहीत सगळं होतं, बादली नव्हती. मापाचं म्हणाल तर वर फेसाला जागा सोडून. आंबोळीचं पीठ कोणी काठोकाठ भरत नाही. झाकणाला दाब सोडायची सोय हवी, तिला मी शिटी म्हणते आणि गौतमी दर वेळी डोळे मिटून घेते.

पिंपावर कोणाचंही नाव घालू नये. आतून नाही, बाहेरून नाही, माझं तर मुळीच नाही.

कलम ६. सरकारी परवाना हातात येईपर्यंत नव्या पिंपात पाण्याखेरीज काही ओतायचं नाही. हे अण्णासाहेबांनी घालायला लावलं. जुन्या पिंपात काय झालं ते मला आठवत नाही. वय झालं.

कलम ७. दबाव आणायला दयानंद आला होता तो असा. मी अंगणात पडवळ चिरत होते. समोर बसला, आधी पडवळाची चौकशी केली, तेव्हाच मी ओळखलं. मग म्हणाला, “आये, पोरीची जात. उद्या लगीन होऊन जाईल. खोली काय संगं न्हेणार हाय का?”

मी म्हटलं, “न्हाई न्हेता येत. म्हणून तर खोली देतीया. सोनं दिलं तर ते तिच्यासंगं जाईल आन दुसऱ्याच्या कपाटात बसंल. खोली जागची हालत न्हाई. तिला हितं यावं लागंल.”

मग तो म्हणाला, त्या गृहस्थांना मी शब्द दिलाय. मी म्हटलं, पोरगी बंगळुरूला गेली की त्यांच्या काचेच्या घरात जाऊन बस, डोंगर बघ. त्यावर तो उठून गेला. उरलेलं पडवळ मी चिरलं.

कलम ८. इथपर्यंत लिहून झाल्यावर मी हे गौतमीला वाचून दाखवलं. वाटलं, पोरगी खूष होईल. ती म्हणाली, “आजी, हे तू मेल्यावर ना?” मी म्हटलं, व्हय, मृत्युपत्रच आहे. तेवढ्यात दाखला द्यायला आलेले डॉक्टर निघताना म्हणाले, आजी अजून दहा वर्षं कुठे जात नाहीत. पोरीचं तोंड उतरलं. मग तिलाच लाज वाटली आणि तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. मलाही हसू आलं, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. बंगळुरूवाले दहा वर्षं थांबणार नाहीत. आणि रोज सकाळी मी जिवंत उठले की पोरीला बरं वाटावं की वाईट, हा पेच मला तिला घालायचा नाही.

म्हणून कलम ४ आणि ५ मधलं देणं मी मरणावर ठेवत नाही. गोठ परवाच मोडले. पिरंगुटला पिंपाची ऑर्डर दिली. खोलीचं बक्षीसपत्र उद्या पौडला नोंदवायचं आहे, खोलीची किल्ली आजच गौतमीच्या हातात दिली. वकील म्हणाले, मग ती कलमं खोडू का? मी म्हटलं, राहू देत. लिहायला तीन दिवस लागलेत.

मी मेल्यावर वाटायला आता घर, खाचरं, पाटल्या आणि जाऊबाईंचं घंगाळ एवढंच उरलं. त्यासाठी कोणी घाई करू नये.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, राजीखुशीनं खालील साक्षीदारांसमोर सही करते. अंगठा नाही, सही.

ठिकाण : कोळवण, ता. मुळशी, जि. पुणे
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सही : लीलाबाई नथू टेमघरे

साक्षीदार :

१. डॉ. नरहरी, कोळवण. (आजींची प्रकृती उत्तम. दहा वर्षांचं मी सहज बोललो होतो.)

२. ज्ञानदा, मूळ राहणार नांदेड, पौडला बँकेत नोकरी, सध्या आजींच्या माडीवर भाडेकरू. (आजींच्या सांगण्यावरून लिहिते की जुन्या पिंपातलं मीही प्यायले, आणि ते ताक नव्हतं.)

मजकूर वाचला : दयानंद नथू टेमघरे. (हा साक्षीदार नव्हे, याला यातून मिळायचं आहे. पण पिंप आणायला जीप लागेल. सीट काढल्याशिवाय ते आत बसणार नाही, असं तो काल स्वतः पिरंगुटला जाऊन माप घेऊन आल्यावर म्हणाला. पुढे शब्द फिरवू नये म्हणून त्याची सही घेतली आहे. लीलाबाई.)