हंगाम संपेपर्यंत

३ मार्च २०२५

मी, दिगंबर श्रीधर पुसेगावकर, वय पंचावन्न, बी.कॉम., एका महाविद्यालयात मुख्य लिपिक आणि हिंगोली शहराच्या हद्दीबाहेरील सुयोग कॉलनीचा गेली चौदा वर्षे सचिव. कॉलनीत बावीस प्लॉट व मधोमध एक मोकळी जागा. ही वसाहत राहण्याजोगी उरलेली नाही. ती तशी कशी झाली आणि कोणामुळे झाली, याची क्रमवार नोंद कोठेतरी असावी म्हणून आजपासून लिहीत आहे. दुसऱ्या कोणाला दाखवण्याचा हेतू नाही.

आजची स्थिती. नऊ घरांत मालक राहतात. सात घरांत भाडेकरू. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत, त्यांना माझे. चार घरांच्या तळमजल्यावर पोत्यांच्या थप्प्या, मालक माडीवर; ती गोदामे म्हणून वेगळी धरली. दोन घरे बंद. मोकळ्या जागेत बालाजीचे हळद पॉलिश करण्याचे मशीन, म्हणजे पत्र्याचा एक अजस्र ढोल. सकाळी आठला सुरू, संध्याकाळी सातला बंद. ढोल फिरतो, हळकुंडाची साल निघते, सालीची धूळ आमच्या घरात येते.

सौ. शैलजाला दमा आहे. तो मशीनपूर्वीही होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. परंतु असा नव्हता.

६ मार्च

खिडक्यांना ओली चादर. तरी दुधावर पिवळी साय. गोरे गुरुजींच्या पत्नी दारातूनच म्हणाल्या, "काय वैनी, यंदा हळदीकुंकू केलं न्हाई तुमी?" शैलजा म्हणाली, "कशाला करू? हळद रोज आपल्या पायानं येऊन राहिली. कुंकवाचं तेवढं बघा तुम्ही." दोघी हसल्या. हसता हसता हिला खोकला लागला आणि तो थांबेचना. गुरुजींच्या पत्नी पाणी आणायला धावल्या.

११ मार्च

बालाजीकडे गेलो. कुरुंदा गावचा मुलगा, पस्तिशीचा. वागायला वाईट नाही. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. बोलायचे म्हणून मशीनही बंद केले. कान सुन्न.

मी म्हणालो, मशीन हलव. तो म्हणाला, "काका, माझ्यावर काहून रागावून राहिले? तुमीच तं लिहून देल्लं." खिशातून पत्राची घडी काढली. घडीवर फाटू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो.

पत्र माझेच. टंकलेखन माझे, मसुदा माझा. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील दारी आले होते. त्यांच्याच रानावर ही कॉलनी उभी आहे. रान विकल्यावर हळद वाळवायला त्यांना जागा उरली नव्हती. बावीसही जण हो म्हणाले. मी लिहिले: 'सदर मोकळी जागा हळदीचा हंगाम संपेपर्यंत वापरण्यास आमची हरकत नाही.' बावीस सह्या.

वडील वारले. मुलाने मशीन आणले. आता व्यापाऱ्यांची साठवणीतली हळदही त्याच्याकडे येते.

"सांगा बरं काका, हंगाम संपून राहिला का कधी? जुनी सरली न्हाई की नवी येते. माझ्याकडं बाराही महिने हळद हाय."

दिनांक लिहिला नव्हता. कोणता हंगाम, कोणते वर्ष, काहीही नाही. कार्यालयात दुसऱ्यांच्या अर्जावर 'मुदत नमूद नाही' असा शेरा मारून ते परत करणारा माणूस मी. प्रश्न 'कोणामुळे' असा होता. उत्तर आठ दिवसांत मिळाले.

१९ मार्च

गोरे गुरुजी मुलाकडे पुण्याला चालले. टेंपो भरला. गुरुजी टेंपोजवळ उभे राहून म्हणाले, "सचिव, तुमच्या पत्रात व्याकरण एकदम शुद्ध होतं बरं का." चेष्टा होती. मी हसलो. घरी आल्यावर शैलजा म्हणाली, "हसलात कशाला?"

घर कोणाला दिले ते गुरुजींनी सांगितले नाही. संध्याकाळी बालाजीची पोती तिथे उतरली.

मालक राहतात अशी घरे: आठ.

३० मार्च

पाडवा. कॉलनीत गुढ्या पाच. पूर्वी गल्लीच्या टोकाला उभे राहिले की रांग दिसायची. आमच्या गुढीचे वस्त्र मोतिया रंगाचे होते, उतरवताना

(पुढे लिहिता आले नाही. शैलजाला दवाखान्यात न्यावे लागले.)

२ एप्रिल

तीन दिवस दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "मॅडमना त्या वातावरणात परत नेऊ नका." मी विचारले, किती दिवस? ते म्हणाले, "वातावरण किती दिवस राहणार आहे?"

लेक मृणाल नांदेडहून जावयांची गाडी घेऊन आली आणि आईला घेऊन गेली. गाडीत बसताना शैलजा मला म्हणाली, "तुम्ही पण चला ना." मी म्हणालो, सचिव आहे, आधी हे निस्तरतो. तिने गाडीचे दार ओढून घेतले. लेक बोलली, "बाबा, कशाचे सचिव?"

७ एप्रिल

ग्रा.पं. कार्यालय. ग्रामसेवकाने नीट ऐकून घेतले. बावीस प्लॉटमालकांपैकी निम्म्यांहून अधिकांनी लेखी हरकत घेतली, तर १५ मेच्या मासिक सभेत जागा रिकामी करून घेण्याचा ठराव ठेवतो, म्हणाला. नाही तर बालाजीने पुढे दुसऱ्या टोकाला पक्के शेड मागितलेलेच आहे.

म्हणजे बारा सह्या. पाच आठवडे.

नवा मसुदा केला. या वेळी दिनांक घातला, तीन ठिकाणी.

२० एप्रिल

सह्या सात. ज्यांच्या तळमजल्यावर पोती आहेत त्यांच्याकडेही गेलो. एकाने दारातच विचारले, "साहेब, मशीन गेलं तं माझं खालचं घर कोण घेते? तुमी घेता का?" दुसरे शेख साहेब. पूर्वी कोजागरीला मोकळ्या जागेत बसून आटीव दूध पिताना शेर ऐकवायचे. म्हणाले, "पुसेगावकर, बराबर आहे तुमचं. पण माझं पोरगं बालाजीच्या ट्रकवर आहे." आणि आत जाऊन मला खजूर आणून दिले. सही दिली नाही.

फोनवर शैलजाचा आवाज मोकळा. पायऱ्या चढून गच्चीवर गेले होते, म्हणाली. गच्चीवर! दोन वर्षे ती घरच्या ओट्यापर्यंतही येत नव्हती.

मला आनंद झाला, हे नोंदवतो. इतरही काही वाटले. ते नोंदवत नाही.

२ मे

सह्या अकरा. दोन पुण्याहून टपालाने आल्या, त्यांपैकी एक गुरुजींची. बारावी माझी स्वतःची. केली, आणि कागद घेऊन ग्रा.पं.त गेलो. किती हलके वाटत होते!

ग्रामसेवकाने यादी उताऱ्याशी ताडून पाहिली. एका ओळीवर बोट ठेवले. "साहेब, ही तुमची सही चालत न्हाई. घर मॅडमच्या नावावर हाय."

खरे आहे. घर सौ.च्या नावावर घ्यावे असे त्या वेळी सगळेच नोकरदार करत. कागदावर मी या कॉलनीत कोणीच नाही. मी म्हणालो, मग पहिल्या पत्रावरची माझी सहीही बाद. तो हसला. "बाद. पण एक गेली तरी एकवीस उरतात की. तुमाला आता तिकडची न्हाई, इकडची एक पाहिजे. मॅडमची आणा ना, घरचीच तं हाय."

५ मे

नांदेडला गेलो. पत्र शैलजासमोर ठेवले. तिने चष्मा लावून पूर्ण वाचले. माझा कोणताही मसुदा तिने आजवर वाचला नव्हता.

म्हणाली, "चांगलं लिहिलंय."

मग चष्मा काढला. "मी सही केली तर मशीन जाईल. मशीन गेलं की तुम्ही मला न्यायला याल."

मी म्हणालो, अर्थात.

"मला नाही यायचं हो. मशीनमुळे नाही. तिथं आहे कोण आता? दार उघडलं की पोती. बोलायला माणूस नाही. इथं खाली चार बायका आहेत, संध्याकाळी बसतो. मला सोपं वाटतं इथं."

मी घराबद्दल बोललो. भिंतींना तिने स्वतः पाणी मारले होते, ते बोललो. मोठ्याने बोललो. मृणाल आतून बाहेर आली.

शैलजाने चष्मा डबीत ठेवला. "घर बालाजीला देऊन टाका. त्यानं मला फोन केला होता. 'काकू, तब्येत कशी हाय,' म्हणून आधी विचारलं त्यानं. तुम्ही आल्याबरोबर कागद काढला."

१० मे

रोज फोन. रोज तेच. आज मी विनवणी केली. हा शब्द विचार करून लिहीत आहे. ही कॉलनी गेली तर मी चौदा वर्षे काय करत होतो, असे काहीसे बोललो.

ती म्हणाली, "माझी सही एवढी हवी आहे तर करा की तुम्हीच. रेशन कार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे तुम्हीच करत आलात माझी सही. मला कधी विचारलंत?"

आणि फोन ठेवला.

याला संमती म्हणावे का? शब्दशः घेतले तर आहे. मी आयुष्यभर शब्दशःच घेत आलो.

१२ मे

तिचा फोन लागत नाही. मृणालचा लागला. "आई झोपलीय." दुपारी पुन्हा: "आई खाली बसलीय, बायकांत." निरोप ठेवला. उलट फोन नाही.

आणखी दोन कुटुंबे गेली. मालक राहतात अशी घरे: सहा. की पाच? आमचे कोणत्या रकान्यात घ्यावे, ते ठरवता येत नाही.

१४ मे

सभा उद्या सकाळी अकरा वाजता. दुपारपासून कागद समोर आहे. अकरा नावे, अकरा सह्या. बारावे नाव 'सौ. शैलजा दिगंबर पुसेगावकर', पुढे कोरी जागा.

तिची सही मला तिच्यापेक्षा सफाईने येते. 'शै'च्या दोन मात्रा ती अर्धवट सोडते, मी पूर्ण करतो. बँकेत कोणाच्या कधी लक्षात आले नाही.

केली तर मशीन जाईल, आणि ती येणार नाही. नाही केली तर मशीन राहील, आणि तरीही ती येणार नाही. कोरी जागा दोन्हीकडून पाहिली. मग ही जागा मी कोणासाठी वाचवत आहे?

सहा वाजता बालाजी फाटकाशी आला. अंगभर पिवळा. "काका, उद्या मी बी येऊन राहिलो सभेला. गाडीवर बसा माझ्या मागं, उन्हात पायी कशाला जाता?" मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही. त्याने जाताना फाटकाची कडी नीट लावली.

पेनात शाई आहे. त्या कागदाचे अजून ठरलेले नाही. या पानावरची खालची सही मात्र माझी स्वतःची आहे.

दि. श्री. पुसेगावकर
सुयोग कॉलनी, हिंगोली
दि. १४ मे २०२५