सत्ताविसाव्या पानावरची चिमणी

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गुडघा बरा आहे, आणि मी घरात बसून भिंतींशी बोलते हा तुझा आरोप आता मागे घे. मला दुकान सापडलंय! लाँड्रीमागच्या गल्लीत, जुन्या कादंबऱ्यांचं. वाचून झालेली दोन द्यायची, एक न्यायची, पैशांचं नाव नाही. मी दारातच थबकले. जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकंच पुस्तकं, जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा, आणि एकही कोरं नाही. प्रत्येक कुणाच्या तरी उशीखालून आलेलं. अरे, छापखान्यात चौतीस वर्षं मी प्रुफं तपासली, पण पुढे ही पुस्तकं कुठं नांदतात याचा कधी विचारच केला नव्हता. अंगावर काटा आला.

मालकांना सगळे आजोबा म्हणतात. रोज सकाळी पुस्तकं साफ करून देईन म्हटलं, तर ते लगेच हो म्हणाले. लोकांनी पेन्सिलीने काय गिरबटून ठेवलंय! त्रिकोण काय, चांदण्या काय, आणि गंमत म्हणजे बहुतेक सत्ताविसाव्या पानावर. मी खोडरबर घेऊन बसलेय.

लोभ आहेच, तो वाढेल असं सविस्तर उत्तर लिही.
तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, ताईंच्या बोलण्याला धार परत आली. भावोजी गेल्यापासून दोन वर्षं तू नुसतं हवापाणी कळवत होतीस. त्या दुकानाला माझा दंडवत सांग.

फक्त सगळंच साफ करत सुटू नकोस. माझ्या लग्नपत्रिकेत तू सासूबाईंचं नाव दुरुस्त केलंस आणि मूळचंच बरोबर निघालं. त्या अजून विसरलेल्या नाहीत.

आहे तशीच माया ठेव.
तुझा धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

माझ्या हातून घात झाला रे. ते गिरबटणं नव्हतं. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा नेऊ नये म्हणून इथला प्रत्येक वाचक सत्ताविसाव्या पानावर आपली खूण करतो. शिंप्याचा त्रिकोण, दातांच्या डॉक्टरीणबाईंची चांदणी, बसड्रायव्हरचं चाक. साडेतीनशे पुस्तकांतून मी सगळ्यांना पुसून टाकलं. आजोबांना नीट दिसत नाही, त्यांना वाटलं मी धूळ झटकतेय. बसड्रायव्हर परवा भांडायलाच आला. साठ पानं वाचल्यावर त्याला आठवलं म्हणे की खुनी माळी आहे. हसायचं तर हस.

पण काल एक नर्सबाई आल्या. त्यांची आई वीस वर्षं या दुकानात यायची, तिची खूण एवढीशी चिमणी. आई गेल्यावर ही मुलगी चिमणी असलेलीच पुस्तकं नेते, आईने वाचलेलं वाचते. वाचायची सातच उरली होती, म्हणून महिन्याला एकच न्यायच्या. पुस्तकांची नावं कधी टिपली नव्हती. काल एकेक पुस्तक उघडून पाहिलं आणि निघून गेल्या. आजोबा रागावले नाहीत, ते तर जास्तच लागलं. मी आता कोणत्या तोंडाने तिथं जाऊ? उद्यापासून जाणार नाही.

या वेंधळीवरचा लोभ कमी करू नकोस.
ताई

३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक लहान नाही, म्हणून समजूत घालत नाही. पण घरी बसलीस तर पहिल्या गाडीने येईन आणि हाताला धरून तुला दुकानात नेईन.

आता या घड्याळजीचं ऐक. जुन्या घड्याळाच्या झाकणाच्या आत दुरुस्ती करणारे बारीक आकडे कोरतात. घासून घासून ते दिसेनासे होतात. मी झाकण खिडकीशी नेऊन तिरकं धरतो, की आकडे उठून दिसतात. पेन्सिल गेली तरी टोकाचा दाब कागदात राहत असेल. तुला छापखान्यातला उलटा टाइप सरळ वाचता यायचा, मग चिमणी दिसणार नाही होय?

काय झालं ते कळव, जीव टांगणीला लागलाय.
धाकटा

२१ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दिसली रे, दिसली! सकाळच्या उन्हात पान तिरकं धरलं आणि आधी त्रिकोण उमटला, मग चाक. चौथ्या दिवशी पहिली चिमणी सापडली. मी खुर्चीतून उठलेच.

सातही सापडल्या. मग म्हटलं, मी हात न लावलेली पुस्तकंही बघू. अकराशे पुस्तकं उघडली. वरून कोऱ्या दिसणाऱ्या पानांवरसुद्धा चिमण्या! हात लागून लागून पेन्सिल केव्हाच उडून गेलेली, वळ तेवढे राहिलेले. नर्सबाईंना त्या कधी दिसल्याच नव्हत्या. एकशे त्र्याण्णव भरल्या. मी मोजून थक्क, आजोबा थक्क. एका बाईने संसार सांभाळून एवढं वाचलं आणि घरात कुणाला पत्ता नाही!

आज नर्सबाईंना बोलावलं. त्या जमिनीवरच बसल्या, एकेका पानावरून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या की सात महिन्यांनी आई पुन्हा एकदा जाणार याची त्यांना धास्ती वाटत होती. मग ढिगातलं सगळ्यात जाड पुस्तक उचललं आणि म्हणाल्या की आता पुरवून पुरवून वाचायला नको, हे दोन दिवसांत संपवते.

सगळ्यांना आशीर्वाद. लोभ असाच राहू दे.
तुझी ताई