बारक्याचा नवा आवाज

नेर,
सोमवार, दुपार

प्रिय तनवीर,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी कुणाला काही झालेलं नाही. रोज मेसेज करते तरी हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. मेसेज तू अर्धा वाचतोस आणि खाली अंगठा टाकून मोकळा होतोस. पत्राला अंगठा टाकता येत नाही, ते शेवटपर्यंत वाचावं लागतं. शिवाय मी मराठीची बाई. वर्गात पोरांना पत्रलेखन शिकवते आणि स्वतःच्या नवऱ्याला लग्नानंतर एक पत्र लिहिलेलं नाही, म्हणजे अतीच झालं. तुला नावानं हाक मारलेली तुझ्या अम्मींना अजून खपत नाही, तेव्हा इथं कागदावर मन भरेपर्यंत मारून घेते. तनवीर, तनवीर, तनवीर. आता पुढचं लिहिते.

अम्मींचा गुडघा थंडीनं पुन्हा धरला आहे. मोईनभाईंनी नागपूरहून पाठवलेलं तेल त्या लावतात आणि त्याचा वास आवडत नाही म्हणून दिवसभर त्यालाच बोल लावतात. शेजारच्या किसनकाकांची तूर यंदा चांगली आली, त्यांच्या विमलताईंनी ओल्या दाण्यांची भाजी पाठवली होती. माहनूरचा पुढचा दात पडला. त्याचा फोटो तुला पाठवला होता, त्यालाही तू अंगठाच दिलास. पोरीनं दिवसभरात कितीतरी वेळा माझा मोबाइल उघडून पाहिला की अब्बूंनी आणखी काही लिहिलं का. हे तुला मुद्दाम सांगते आहे, कारण तिथं नागपूरला मोईनभाईंच्या घरी खोलीचं दार लावून बसल्यावर तुला वाटत असेल की इथं सगळं सुरळीत चाललं आहे. तसं ते चाललेलं नाही.

काल कपाट आवरताना मला तुझे भोंग्याचे दिवस आठवले. मी तुझा चेहरा बघायच्या आधी तुझा आवाज ऐकला होता, हे तुला ठाऊक आहे. मी कॉलेजात होते. ऑटोवर भोंगा लावून तू गल्लीतून साड्यांच्या सेलची जाहिरात करत जायचास आणि मी पुस्तक मिटून खिडकीत उभी राहायचे. मला कुठं साडी घ्यायची होती? आमच्या घरी तुझं स्थळ आलं तेव्हा अब्बा म्हणाले, “भोंगेवाल्याले पोरगी देऊ काय?” आणि मी आतूनच म्हणाले, “द्या.” त्या दिवशी आमच्या घरात जे रामायण झालं ते तुला अम्मींनी वर्षभर ऐकवलं आहे. पुढं यवतमाळच्या स्टुडिओत तू जाहिराती रेकॉर्ड करायला लागलास, तिथून कुणीतरी तुला मुंबईला नेलं आणि तुझ्या वाट्याला तो ठोकळ्यांचा पिच्चर आला.

प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं शहर, ठोकळ्यांची माणसं आणि त्यात तो, जोडायला वर एकच टिकली असलेला ठोकळा, बारक्या. कुठंच नीट बसत नाही, म्हणून सगळ्यांना टोमणे मारत फिरतो. मराठी आवाज तुझा. रेकॉर्डिंगच्या वेळी तुझ्या तोंडून चुकून “काय करून राह्यला बे?” निघून गेलं, काचेपलीकडची माणसं पोट धरून हसली आणि ते तसंच राहिलं. मग महाराष्ट्रभरची पोरं तसं बोलायला लागली. पहिला पिच्चर चालला म्हणून दुसरा आला, मग सर्कशीचा, मग समुद्राखालचा. बारक्याची दप्तरं आली, डबे आले, चपला आल्या. आपल्या आठवडी बाजारात बारक्याचे नकली ठोकळे ढिगानं मिळायला लागले, एकात एक न बसणारे. माहनूर अंगणवाडीत होती तेव्हापासून ती हे पिच्चर डोळे मिटून ऐकते. बारक्या बोलला की गल्लीतल्या पोरांना सांगते, “हे माहे अब्बू होत.” तू मुंबईहून महिनोन्महिने यायचा नाहीस, पण आपल्या घरात तू रोज बोलत होतास. तिला बाप दूर असल्याचं कधी जाणवलं नाही, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटायचं.

मग तुझा आवाज घोगरा झाला. तू म्हणालास, स्टुडिओतल्या एसीनं. मी म्हणाले, तंबाखूच्या खर्‍यानं. आपण फोनवर भांडलो. तू खर्‍याची पुडी सोडली नाहीस आणि मी बोलणं सोडलं नाही. पावसाळ्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जीव हवा असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशननंतर तू मला पाटीवर पहिलं वाक्य काय लिहून दाखवलंस, आठवतं? “घरी सांग, आवाजाला आराम दिला आहे.” मला तेव्हा नाही म्हणवलं नाही. तुझ्या गळ्यातल्या त्या भोकातून श्वासाचा आवाज येत होता आणि तू माझ्याकडे बघत होतास. मी नेरला येऊन अम्मींना, माहनूरला, विमलताईंना तेच सांगितलं. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, आवाज आराम करतो आहे, येईल हळूहळू. आणि तू घरी यायचं सोडून नागपूरला मोईनभाईंकडे जाऊन बसलास. मला मेसेज केलास की ज्या घरात सगळे माझा आवाज ऐकायला जमतात, तिथं मी काय घेऊन येऊ?

इथवर सगळं तुला ठाऊक आहे. आता जे ठाऊक नाही ते ऐक. दिवाळीनंतर बारक्याची नवी मालिका मोबाइलवर आली. माहनूर शाळेतून पळत आली, दप्तर अंगणातच टाकलं आणि ओरडली, “अम्मी, अब्बूचा आवाज आला!” मी भाकरी थापत होते. मोबाइल हातात घेतला आणि तनवीर, खरंच तू बोलत होतास. तोच टोमणा, तेच हसणं, तेच “काय करून राह्यला बे”. खोटं कशाला बोलू, तव्यावरची भाकरी मी विसरले. क्षणभर मलाही वाटलं की तू बरा झालास आणि मला सांगितलं नाहीस. अम्मी नमाजाच्या जानमाजवरच बसून रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोड भाताचा जर्दा शिजवून गल्लीत वाटला, कारण त्यांनी मन्नत मागितली होती. आणि विमलताईंनी तर कळंबच्या चिंतामणीला नवस बोललेला. मला पत्ताच नव्हता. त्या अम्मींना म्हणाल्या, “खैरुनबी, देवानं आपलं ऐकलं, आता नवस अंगावर ठेवायचा नाही.” किसनकाकांनी गाडी काढली. विमलताई नारळाचं तोरण घेऊन पायऱ्या उतरून खाली देवापाशी गेल्या आणि अम्मी वरती चपला सांभाळत बसल्या. येताना दोघी पेढे घेऊन आल्या. माझ्या तोंडात पेढा कोंबला.

त्याच दिवशी मी मोईनभाईंना फोन केला. ते आधी टाळत होते, मग म्हणाले, “त्यानंच कंपनीले सही देल्ली रुबीना, दवाखान्यात असताना. जुन्या रेकॉर्डिंगवरून कम्प्युटर आवाज बनवते म्हणे आता.” मला इतका राग आला की मी फोन तसाच कापला. सही केलीस याचा राग नाही. तुझा आवाज, तुझा हक्क. पण मला सांगावंसं वाटलं नाही? ज्या बाईनं त्या आवाजाशी लग्न केलं, तिला तरी? मी रात्री त्या मालिकेचा आवाज बंद करून नुसतं चित्र बघितलं, मला ते ऐकवेना. हा नवा बारक्या एकदाही धापा टाकत नाही, कधी अडखळत नाही, कितीही बोलला तरी थकत नाही. तू असा नव्हतास. हे लिहिताना मला तुझी इतकी आठवण येते आहे की मध्येच उठून पाणी प्यावं लागलं.

अम्मींचं आणि विमलताईंचं मी सांभाळून घेईन. देवाला कसं समजवायचं ते त्या दोघी बघतील. माझा जीव अडकला आहे तो माहनूरपाशी. पहिले चार दिवस ती आनंदात होती. रोज फोनची वाट बघायची. मग एका संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “अब्बू साऱ्या पोरांशी बोलतेत, मग माह्याशीच काहून नाही बोलत?” मी म्हणाले, काम असेल. ती म्हणाली, “बारक्यासाठी टाइम आहे न त्यायले.” त्यानंतर तिनं मालिका पाहणं सोडलं. सगळे ठोकळे पिशवीत भरून माळ्यावर टाकले. गल्लीतली पोरं बारक्या लावून तिला हाका मारतात, ती घरातून निघत नाही. शाळेत बाईंनी सगळ्यांना “माझे वडील” या विषयावर बोलायला लावलं, तेव्हा ही उभी राहिली आणि काही न बोलता खाली बसली. तिच्या बाईंनी मला स्टाफरूममध्ये बाजूला घेऊन विचारलं, घरी काही झालं का? तुझी पोरगी, तनवीर. जिच्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून आपण दोघं हात जोडायचो, ती आता जेवायला बसली तरी भाजी मागत नाही, पुढं येईल ते खाते.

काल मी तिला सगळं सांगून टाकलं. तुला विचारलं नाही, कारण तू नाहीच म्हणाला असतास. गच्चीवर बसवून सांगितलं की अब्बूंच्या गळ्यात खराब गाठ होती, ती काढताना आवाजाची पेटी काढावी लागली, श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं आहे, ते आता कधीच आवाजात बोलू शकणार नाहीत, आणि बारक्यात बोलतं ते यंत्र आहे. मला वाटलं ती घाबरेल, रडेल, भोकाचं ऐकून तोंड फिरवेल. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे अब्बू माह्यावर चिडले नाही?” मला कळेना. मग तिनं सांगितलं. उन्हाळ्यात तुझा आवाज बसला होता तेव्हा ती फोनवर तुला हसली होती, म्हणाली होती की अब्बू तुमी बेडकासारखे बोलून राह्यले, बारक्यासारखं बोला नाहीतर बोलूच नका. त्यानंतर तू बोललाच नाहीस. इतके महिने ती पोर असं धरून बसली होती की तिनं सांगितलं म्हणून तू बोलणं सोडलंस. तुझ्या लक्षातही नसेल ते. आपण दोघं तिला तुझ्या गळ्यापासून वाचवत बसलो आणि ती आठ वर्षांची पोरगी आपल्या घरात एकटी गुन्हेगार होऊन फिरत होती. मी तिला कितीही सांगितलं की तसं नाही, तरी ती मान हलवते आणि विचारते, “तुले काय माहीत? अब्बूले विचारलं काय?” म्हणून हे पत्र. येत्या रविवारी पहिल्या बसनं मी तिला घेऊन नागपूरला येते आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे. दार लावून घेऊ नकोस आणि गळ्याला मफलर गुंडाळू नकोस, ती तेच बघायला येते आहे. तिला तुझा आवाज नको आहे, तनवीर. तू चिडला नाहीस एवढं तिला तुझ्याकडून पाहिजे, आणि ते तू तिला जवळ घेतल्याशिवाय तिला पटायचं नाही.

तुझीच, भोंग्याच्या दिवसांपासूनची,
रुबीना